शेवाळ आणि स्वल्पविराम

मासे पाळणारी माणसं मला पहिल्यापासून धाडसी वाटत आलेली आहेत. कुत्र्याचं काही दुखलं तर ते कुंईकुंई करतं, मांजर तर काही दुखत नसतानाही तक्रार करतं. मासा मात्र बोलत नाही. मीही फारसं बोलत नाही. तेव्हा आमचं एकमेकांशी जमणं कठीण, असं माझं मत होतं. हे मत मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी माझी मतं सहसा सांगत नाही, कारण सांगितली की ती चुकीची निघतात.

तरीही जावातल्या आमच्या मलांगच्या घरासमोर एके दिवशी टेम्पो थांबला आणि त्यातून शवपेटीएवढी काचेची टाकी उतरली. (ही उपमा वुर्यानीला, म्हणजे माझ्या बायकोला, आवडली नाही. शुभकार्याच्या तोंडावर असं बोलू नये म्हणाली. तिचं बरोबर होतं.) टाकी पाठवली होती पाक त्रेंगोनो यांनी. (आमच्याकडे वडिलांना आणि कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला 'बापाक' किंवा थोडक्यात 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.) हे माझे होणारे व्याही, तुलुंगआगुंगला राहतात, स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. त्यांचा गालिह आणि आमची किनासिह यांनी आपापसात सगळं ठरवून टाकलं होतं. आता मुलाकडच्यांनी आमच्या घरी येऊन रीतसर मागणी घालायची आणि आपण पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा आम्ही करायचा, एवढंच उरलं होतं.

"लोक मागणीआधी केक पाठवतात," पाक त्रेंगोनो फोनवर म्हणाले होते, "मी माझ्या घराचा एक तुकडा पाठवतोय."

तुकडा देखणा होता यात शंका नाही. तळाला वाळू, दगड, पाण्यात डुलणारी रोपं, आणि मधोमध एक वाकडी फांदी. फांदीवर हिरवंगार शेवाळ इतकं दाट होतं की मांजर झोपलंय असं वाटावं. त्यातून बारके बारके मासे ये-जा करत. टाकी पुढच्या खोलीत भिंतीला लावली. मागणीच्या दिवशी पाहुणे नेमके तिच्यासमोर बसणार होते.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तेव्हा मला माझी वाटलेली चूक. टाकीच्या झाकणाला एक पांढरा दिवा होता. त्याच्या प्रकाशात बारीक टाइपसुद्धा स्वच्छ वाचता येत असे. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. डोळ्यांचं जे व्हायचं ते झालेलं आहे. असा प्रकाश मला कुठल्याच दिव्याने दिला नव्हता. मी टाकीला खुर्ची लावली आणि दिवसभर दिवा चालू ठेवू लागलो.

"टाकी व्याह्यांची, दिवा टाकीचा, आणि पुस्तक तुमचं," वुर्यानी म्हणाली. "मासे काय वाचतायत सध्या?"

काही दिवसांनी फांदीच्या टोकांवर काळ्या बटा दिसू लागल्या. हो, बटाच. केसाळ, मऊ, पाण्यात हलणाऱ्या. मग त्या दगडांवर आल्या, पानांच्या कडांवर आल्या. बघता बघता अख्ख्या टाकीला दाढी फुटली. हेही शेवाळच, पण वाईट शेवाळ; जादा उजेडात फोफावतं म्हणे. आमच्या भाषेची ही एक गैरसोय आहे: फांदीवरचं हिरवं, हौसेनं लावलेलं, तेही शेवाळ, आणि हे काळं, न बोलावता आलेलं, तेही शेवाळच. छापखान्यात असतो तर लेखकाला समासात प्रश्नचिन्ह घालून परत पाठवलं असतं.

मी रोज सकाळी चिमट्याने काळ्या बटा उपटू लागलो. जेवढ्या उपटाव्या तेवढ्या दुसऱ्या दिवशी हजर.

आमची गल्ली अरुंद आहे आणि दारं दिवसभर उघडी असतात. त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं बदामाची पानं टाका. कुणी म्हणालं गोगलगायी सोडा, त्या खातील. गोगलगायी सोडल्या, त्यांनी हिरवी रोपं खाल्ली आणि काळ्या बटांना वळसा घालून पुढे गेल्या. आमच्या गल्लीचे निवडून दिलेले प्रमुख पाक बसुकी यांनी टाकीची पाहणी केली, हात मागे बांधून दोनदा मान हलवली आणि "यावर बैठक घ्यावी लागेल" असं सांगून चहा पिऊन गेले.

अशात पाक त्रेंगोनोंचा फोन आला. प्रकृती, पाऊस, आंब्याचा मोहोर, सगळं विचारून झालं. मग जरा थांबून ते म्हणाले,

"आणि पाक, शेवाळ... वाढतंय का?"

यांना कुणी सांगितलं? गल्लीतलं कुणी तुलुंगआगुंगला फोन करतं की काय? मी घाईघाईने म्हणालो,

"छे छे, वाढू कसं देईन? रोज सकाळी उपटतो."

त्यांनी माझाच शब्द परत म्हटला,

"उपटता?"

"चिमट्याने. एक बट ठेवत नाही. आणि आता औषधच आणतोय. मुळासकट जाईल. तुम्ही काळजीच करू नका."

"असं..." पाक त्रेंगोनो म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला. आणि आम्हा जावानी माणसांचा आवाज मऊ झाला की समजावं, काहीतरी बिनसलंय. "तुम्ही विचार करूनच करत असाल. आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

"त्रास कसला!"

"नाही नाही, झालाच असेल. क्षमा असावी."

त्यांनी तीनदा क्षमा मागितली, मी चारदा मागितली, आणि फोन ठेवला. मला वाटलं, बरं बोललो. वास्तविक तिथेच सावध व्हायला हवं होतं.

औषध आणतोय असं म्हणून बसलो होतो, पण औषध कुठलं ते मला माहीत नव्हतं. मग वाचत बसलो. मासेवाल्यांच्या लेखांत एकाच गोष्टीचं कौतुक होतं: हायड्रोजन पेरॉक्साइड. जखम धुवायला वापरतात ते फसफसणारं पाणी. तीन टक्क्यांचं घ्यावं, टाकीची मोटर बंद करावी, बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब थेट बटांवर सोडावं. बुडबुडे येतात, बटा आधी गुलाबी होतात, मग पांढऱ्या, मग मासे त्या खाऊन टाकतात. लेखात व्याकरणाच्या पुष्कळ चुका होत्या, पण रसायन बरोबर असावं असं वाटलं.

औषधाच्या दुकानात काउंटरवर एक तरुण मुलगी होती. मला अनोळखी मुलींशी बोलताना घाम येतो, त्यामुळे मी खाली बघून म्हणालो, "पेरॉक्साइड. जरा जास्त."

"जास्त म्हणजे किती?"

"एका टाकीला पुरेल एवढं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आत जाऊन कुणाला तरी काही विचारून आली. "बापाक, एक-दोन बाटल्या देता येतात. एवढं हवं असेल तर गल्लीप्रमुखांचं पत्र आणा."

पाक बसुकींनी मला समोर बसवलं आणि शिक्का बाहेर काढण्याआधी हात जोडून विचारलं, "पाक दर्माजी, रागावू नका, पण पदावर आहे म्हणून विचारावं लागतं. या पदार्थाने केस पिवळे होतात, दात पांढरे होतात, आणि वाईट माणसाच्या हातात पडला तर भिंती पडतात. तुमच्या मनात यांतलं काय आहे?"

"शेवाळ," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ घेऊन पत्र लिहिलं. मी ते दारातच वाचलं. त्यात म्हटलं होतं की, 'अर्जदार ज्येष्ठ असून संपूर्णपणे निरुपद्रवी आहे.' खाली सही आणि जांभळा शिक्का. माणूस स्वतःबद्दल कितीही शंका बाळगून असला तरी त्याला हे असं सरकारी कागदावर वाचायला मिळू नये. वुर्यानीने ते पत्र शेजारणींना वाचून दाखवलं.

दुकानातल्या मुलीने पत्र वाचलं आणि परत केलं. "यात 'माशांसाठी' लिहिलंय. आम्ही माणसांची औषधं विकतो. जनावरांच्या दवाखान्यात विचारा." जनावरांच्या दवाखान्यात एक शेळी आणि तिचा मालक माझ्या पुढे होते. शेळीचं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "मासे आमच्याकडे येत नाहीत. ते मत्स्यखात्याकडे." मत्स्यखात्यातल्या साहेबांनी विचारलं, "मासे खायचे की बघायचे?" बघायचे म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मी निरुपद्रवी असल्याने कुठेच आवाज चढवला नाही.

घरी परतताना कोपऱ्यावरच्या केशसजावटीच्या दुकानातून बू मुर्तिनींनी हाक मारली. "काय हो पाक, तोंड का पडलंय?"

मी सांगितलं.

"अगंबाई, एवढ्यासाठी गावभर हिंडलात? अहो, मी रोज त्यात बायका रंगवते!" आणि त्यांनी एक मोठी पांढरी बाटली माझ्या हातात कोंबली. "घेऊन जा. आणि बसा जरा, आलाच आहात तर. बू वुर्यानींनी सांगितलंय, मागणीसाठी तुमचे केस काळे करायचेत."

मी केस काळे करून, बाटली घेऊन घरी आलो. आरशात बघितल्यावर कुणीतरी मला चुकीच्या वर्षात छापल्यासारखं वाटलं.

आता त्या बाटलीबद्दल. लेबल ओघळलेलं होतं, पण आकडा दिसत होता: १२ टक्के. लेखात तर तीन म्हटलं होतं. बारा? मी चष्मा पुसला. आमच्याकडे दशांश दाखवायला स्वल्पविराम घालतात, आणि छपाईत सर्वांत आधी काय गळत असेल तर तो स्वल्पविरामच. मी असे हजारो गळलेले स्वल्पविराम जागेवर बसवलेले आहेत. माझ्या डोळ्यांसमोर तो आपोआप उमटला: १,२ टक्के. किती फिकं औषध! मी मनातल्या मनात दुरुस्ती केली, आणि तीन टक्क्यांची बरोबरी व्हावी म्हणून सांगितल्याच्या दुपटीहून जरा जास्तच घ्यायचं ठरवलं.

जन्मात मी इतक्या आत्मविश्वासाने काही केलं नव्हतं. त्यावरूनच ओळखायला हवं होतं.

मोटर बंद केली. स्टुलावर चढलो. पहिली सिरिंज एका मोठ्या बटेवर रिकामी केली. बटेतून मोत्यांसारखे बुडबुडे निघाले. सुंदर दिसत होतं. दुसरी, तिसरी... मग बुडबुडे थांबेनात. टाकी दूध उतू जावं तशी फसफसू लागली. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. माझी बोटं चुरचुरायला लागली. पाहतो तर टोकं खडूसारखी पांढरी झालेली.

"वुर्यानी!"

ती स्वयंपाकघरातून आली, टाकीकडे बघितलं आणि काही न विचारता मटणाच्या रश्शाचं मोठं पातेलं घेऊन आली. रिकामं होतं, देवाची कृपा. तिने त्यात नळाचं साठवलेलं पाणी ओतलं आणि मी जाळीने मासे पकडू लागलो. गडबडीत स्टूल हललं, मी घसरलो, फळीला धक्का लागून तिच्यावर ठेवलेली बाटली कलंडली आणि बाटलीतलं उरलेलं औषध माझ्या नव्या काळ्या केसांवर आलं.

"डोळे मिटा!" वुर्यानी ओरडली आणि माझं डोकं नळाखाली धरलं.

मासे वाचले. माझे डोळे वाचले. टाकीतलं पाणी बदललं, पुन्हा बदललं. संध्याकाळी माझ्या कपाळावरची झुलपं तपकिरी झाली होती, सकाळपर्यंत झक्क नारिंगी. काळ्या बटा गुलाबी होऊन पांढऱ्या पडल्या होत्या. एक शिल्लक दिसत नव्हती. आणि फांदीवरचं ते हिरवंगार, मांजरासारखं झोपलेलं शेवाळ उकडलेल्या भाजीसारखं फिकट होऊन तळाला गळून पडलं होतं. फांदी उघडी पडली होती.

त्या शनिवारी किनासिह सुराबायाहून आली. आल्या आल्या तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"बापाक, तुम्ही गालिहच्या बाबांना फोनवर काय बोललात?"

"काही नाही. शेवाळाचं."

"ते जेवताना गप्प बसतात. गालिहने विचारलं तर एवढंच म्हणाले, 'पाक दर्माजी रोज सगळं उपटतायत.' काय उपटताय तुम्ही?"

"शेवाळ. काळं."

तिने पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बापाक, त्यांनी हिरव्याबद्दल विचारलं असणार. त्यांनी लावलेल्या. आणि तुम्ही म्हणालात, रोज चिमट्याने उपटतो, मुळासकट घालवतो. त्यांच्या घराचा तुकडा!"

मी खुर्चीत बसलो.

"मग सांगून टाक ना त्यांना," वुर्यानी म्हणाली, "की हे वाईट शेवाळाबद्दल बोलत होते. हिरवं तर आहेच..." आणि तिने टाकीकडे पाहिलं. आम्ही तिघांनी पाहिलं.

पेच असा होता. मी फोनवर बोललो तेव्हा हिरवं शेवाळ ठणठणीत होतं. आता गैरसमज दूर करावा, तर ते खरोखरच मेलेलं होतं. तेव्हा न केलेला गुन्हा मी कबूल केला होता आणि मग करून टाकला होता.

"ते नाही म्हणणार नाहीत," किनासिह म्हणाली. "ते 'बघू' म्हणतील. आणि 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मी स्वतः आयुष्यभर लोकांना 'बघू' म्हणत आलो आहे. दुसऱ्याच दिवशी तुलुंगआगुंगहून निरोप आला: आपल्याला ओझं होणार नसेल तर ठरल्याप्रमाणे येतो. ओझं होणार असेल तर निःसंकोच कळवावं. पण ओझं नसेल तर येतो. एका निरोपात तीनदा ओझं म्हणजे फार झालं.

गल्ली धावून आली. बू मुर्तिनींनी मांडवातलं प्लास्टिकचं हिरवं गवत आणलं आणि फांदीला दोऱ्याने बांधलं. ते पाण्यात सुटून वर तरंगलं आणि एक मासा त्यात अडकला. नवीन शेवाळ आणायचं तर ते वाढायला महिने लागतात. शेवटी पाक बसुकी म्हणाले, "कापड टाका. विचारलं तर 'मासे झोपलेत' म्हणू. मागणीचं बोलणं मी करणारच आहे तुमच्या वतीने. मी इतका वेळ बोलेन की टाकी कुणाला आठवणार नाही."

मागणीच्या दिवशी वुर्यानीने टाकीवर आपली बाटिकची शाल घातली आणि माझ्या डोक्यावर काळी टोपी दाबून बसवली. झुलपं तरीही पुढून डोकावत होती.

पाहुणे आले. हातात रिवाजाप्रमाणे गुळातल्या चिकट भाताची ताटं, नवरा-नवरी तशी चिकटून राहावीत म्हणून. पाक त्रेंगोनो उंच, रुंद, आणि नजर खाली. मी पांढरी बोटं त्यांच्या हातात दिली. ते हळू आवाजात म्हणाले, "क्षमा असावी," आणि मी म्हणालो, "नाही, क्षमा आपली असावी," आणि आम्ही समोरासमोर चटईवर बसलो.

पाक बसुकी बोलायला उभे राहिले. त्यांनी दोन नद्यांचा संगम सांगितला, मोगरा आणि दोरा सांगितला, पूर्वज सांगितले. बोलणं खरोखरच लांबलं. पण पाक त्रेंगोनोंची नजर सारखी शालीकडे जात होती. गेली की माझ्याकडे येई, आणि मग जमिनीकडे. किनासिह आईच्या शेजारी बसली होती. तीही शालीकडेच बघत होती. पाक बसुकी तिसऱ्या नदीवर आले, आणि मी उभा राहिलो.

मला अजूनही कळत नाही कसा. मागणीत मुलीच्या बापाने उभं राहून बोलायची पद्धतच नाही. पाक बसुकी नदीतच थांबले.

"मासे झोपलेले नाहीत," मी म्हणालो आणि शाल ओढली.

सगळ्यांनी उघडी फांदी पाहिली.

"पाक त्रेंगोनो, फोनवर मी बोललो ते काळ्याबद्दल होतं. हिरवं मी उपटलं नव्हतं. पण नंतर औषध टाकलं आणि ते मेलं. औषध तिखट होतं, स्वल्पविराम मी घातला. किनासिहचा यात काही दोष नाही. ती माझ्यासारखी नाही, नीट वाचते. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर नाहीच म्हणा. पण कृपा करून 'बघू' म्हणू नका."

एवढं लांब मी आयुष्यात बोललो नव्हतो. टोपी घसरली आणि नारिंगी झुलपं कपाळावर आली. कुणीतरी खोकलं.

पाक त्रेंगोनो उठले. टाकीपाशी गेले, चष्मा लावला, वाकले. काचेला नाक लागेपर्यंत वाकले.

"काळं कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तेही मेलं."

"सगळं?"

"सगळं."

ते वळले तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले होते. "पाक दर्माजी, नोकरीत असल्यापासून मी त्या काळ्याशी झगडतोय! ते घासण्यात बायकोचे कितीतरी दातांचे ब्रश गेले. तुमच्याकडे टाकी पाठवली तेव्हा फांदीखाली दोन-चार बटा होत्या. मला माहीत होत्या. वाटलं, नवीन घरात गेल्यावर सुधारेल."

"आमच्या गालिहबद्दलही हे असंच म्हणतात," विहीणबाई चटईवरून म्हणाल्या.

गालिह खाली बघू लागला. पहिल्यांदाच खोलीत कुणीतरी हसलं.

"मग फोनवर तुम्ही विचारलंत ते..." मी म्हणालो.

"काळ्याबद्दलच! मनाला लागून राहिलं होतं ना. आणि तुम्ही म्हणालात, रोज सकाळी उपटतो, एक बट ठेवत नाही. मला वाटलं, टोमणा मारतायत. रोगट टाकी व्याह्याच्या गळ्यात मारली म्हणून. आणि ते बरोबरच होतं, म्हणून मी क्षमा मागत सुटलो."

"म्हणजे माझ्या वाचायच्या दिव्याने ते आलं नाही?"

"आमच्या घरूनच आलं हो ते! वाचा खुशाल."

"आणि हिरवं?" वुर्यानीने विचारलं.

"हिरवं काय, आमच्या विहिरीच्या कठड्याला ढीगभर आहे. पुढच्या खेपेला बादलीभर आणतो. पण हे काळं..." त्यांनी माझ्या केसांकडे निरखून पाहिलं. "हे त्याच औषधाने?"

"त्याच," बू मुर्तिनी मागून अभिमानाने म्हणाल्या. "माझ्या दुकानातलं. दुसरी बाटली आणलीय मी, कुणी विचारलं तर असावी म्हणून."

पाक त्रेंगोनोंनी माझा दंड धरून मला टाकीपाशी नेलं. बाह्या वर केल्या, त्यांनीही आणि मीही. सिरिंज कशी धरली, मोटर केव्हा बंद केली, बुडबुडे कुठून आले, सगळं त्यांना सविस्तर हवं होतं. मी सांगत होतो आणि एक माणूस माझं बोलणं कान देऊन ऐकत होता. मला ते इतकं नवीन होतं की मी स्वल्पविरामाची गोष्टसुद्धा दोनदा सांगितली.

आमच्या मागे पाक बसुकींनी तिसरी नदी आटोपती घेतली असावी. टाळ्या ऐकू आल्या. विहीणबाईंनी अंगठीची डबी उघडली, फोटो काढणारा चटईवर आडवा झाला, असं नंतर फोटो बघून कळलं. फोटोंत मागे दोन पाठी आहेत.

"थांबा," पाक त्रेंगोनो कुजबुजले. "तिथे. फांदीच्या बेचक्यात. एक बट राहिलीय."

"कुठे?"

"त्या दगडाच्या वर... खाली वाका... अजून..."

"पाक!" मागून वुर्यानीचा आवाज आला. "अहो, मुलीच्या बोटात अंगठी घातली, इकडे बघाल का जरा? दिसली का?"

"दिसली!" आम्ही दोन्ही बाप एकदमच ओरडलो, आणि पाक त्रेंगोनोंनी मागे न बघता बाटलीसाठी हात मागे केला.